डुकरांना ताप आणि कानांवर जांभळे डाग: क्लासिकल स्वाइन फीवर की आफ्रिकन, कसे ओळखावे?

नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही, पीसीआर तपासणीच (रक्तातला विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करावी लागते. दोन्ही विषाणू रक्तवाहिन्यांना इजा करतात. त्यामुळे ४१ अंशांच्या आसपास ताप, खाणे बंद, एकमेकांवर रचून पडणे, कान-पोटावर जांभळट डाग, सगळे सारखेच दिसते. आफ्रिकन प्रकारात प्लीहा बहुधा फुगून काळी पडते, पण ते बघायला मेलेले जनावर स्वतः फाडू नका. त्या रक्तात प्रचंड विषाणू असतात आणि ते जमिनीत, बुटांवर टिकून राहतात.

पशुवैद्यकाकडून ताप असलेल्या जिवंत जनावरांचे रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या), म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या. नळी हलकेच उलटसुलट करा आणि बर्फाच्या पॅकसोबत प्रयोगशाळेत पाठवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, रक्तपेशी फुटतात.

निकाल येईपर्यंत:
- डुकरांची ने-आण, विक्री, कत्तल बंद.
- प्रत्येक शेडला वेगळे गमबूट. आधी शेण-माती घासून धुवा, मगच २ टक्के कॉस्टिक सोडा. घाणीवर ओतलेले औषध वायाच जाते.
- डुकरांना खरकटे खाऊ घालणे बंद.
- लसीकरण नको. घाईत हीच चूक सर्वांत जास्त होते: एकच सुई कप्प्याकप्प्यातून फिरते आणि रोग पसरवते.

क्लासिकल निघाला तर निरोगी जनावरांना लस उपयोगी पडते. आफ्रिकनवर ती लस काहीच करत नाही. मात्र ताप नसलेल्या जनावराचा एक निगेटिव्ह निकाल पुरेसा मानू नका. मरतूक चालू असेल तर ताज्या आजारी जनावराचा नमुना पुन्हा पाठवा.