मुलाच्या रक्तात बुरशी निघाली. ताप उतरला तरी इंजेक्शन बंद का करत नाहीत?

केमो चालू असलेल्या मुलाच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी) कॅन्डिडा ही बुरशी निघाली, दोन दिवसांत ताप गेला, तरी औषध चालूच आहे आणि वर सेंट्रल लाइनही (मोठ्या शिरेत घातलेली औषधाची नळी) काढायची म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. डॉक्टरांचं बरोबर आहे.

दिवस ताप उतरल्यापासून मोजत नाहीत. जे पहिलं कल्चर निगेटिव्ह आलं, तिथून पुढे १४ दिवस. तेही बुरशी डोळ्यांत, हृदयात किंवा लिव्हरमध्ये बसलेली नसेल तरच. नाहीतर कित्येक आठवडे. म्हणून तर रोज किंवा दिवसाआड कल्चर पाठवतात. डोळ्यांची तपासणी मात्र एकदा करून भागत नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना पडद्यावरचे डाग नीट दिसत नाहीत, त्यामुळे काउंट वर आला की पुन्हा बघायला सांगा.

लाइनच्या प्लास्टिकवर ही बुरशी चिकट थर धरते आणि त्या थरात औषध पुरेसं पोचत नाही. केमोच्या मुलाला दुसरी लाइन घालणं सोपं नसतं हे खरं, पण कल्चर पॉझिटिव्हच येत राहिलं तर जुनी ठेवून उपयोग नाही.

सुरुवातीला बहुधा कॅस्पोफंगिन हे बुरशीवरचं इंजेक्शन देतात: पहिल्या दिवशी अंगाच्या दर चौरस मीटरला ७० मिग्रॅ, नंतर रोज ५०. याची गोळी मिळत नाही. कल्चर स्वच्छ झालं, मूल खायला लागलं आणि बुरशीची जात फ्लुकोनाझोल या औषधाला दाद देणारी असली, तर तोंडी औषधावर आणता येतं. कॅन्डिडाच्या क्रुसाय जातीवर फ्लुकोनाझोल चालत नाही.

अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं दुसरं औषध लावलं तर बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. साधं किलोमागे साधारण १ मिग्रॅ, लायपोसोमल (चरबीच्या कणांत भरलेलं) ३ ते ५. लायपोसोमलच्या हिशोबाने साधं गेलं तर जीवावर बेततं. दोन्ही ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात; नॉर्मल सलाईनमध्ये साका धरतो. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वरचेवर तपासायला हवं.

आणखी एक, कारण हे हमखास सुटतं: केमोत व्हिन्क्रिस्टिन असेल तर 'नाझोल' शेपटाचं कुठलंही औषध सुरू होण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल यांच्याबरोबर व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचतं. मग घट्ट बद्धकोष्ठता, जबडा दुखणं, पाऊल घासत चालणं, प्रसंगी झटके. यातलं काही दिसलं तर पुढच्या डोसची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.