पावर हॅमर घेतोयस तर आधी ऐरण बघ
भावा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जुना पावर हॅमर, म्हणजे तापलं लोखंड ठोकायचं मशीन, बघून ठेवलायस तर घे, पण वरचा घण 50 किलोचा असला की खालची ऐरण निदान दहापट, जमलं तर पंधरापट वजनाची पाहिजे, नाहीतर अर्धा मार जमिनीतच जातो. फाउंडेशन भिंतीला चिकटवू नको. आणि सांडशी पोटासमोर कधीच धरू नको रे, कमरेच्या बाजूला धर, माल जरा तिरका बसला आणि दांडा माझ्या पोटात बसला होता, आठ दिवस वाकता येत नव्हतं. कोयत्याला ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा चांगला पिवळट तापला की मार, काळपट लाल दिसला की लगेच परत भट्टीत, थंडावर मारलास तर पाट्याला चीर जाते, घण-ऐरणीवर बसवलेला ठोकळा, म्हणजे डायपण फुटतो.