एक्सप्रेसला मालगाडीचं इंजिन का लावतात? कोणत्या गाडीला कोणतं इंजिन हे कोण ठरवतं?

तुम्ही एका दमात तीन गोष्टी विचारल्यात: इंजिन कोण ठरवतं, परवा तुमच्या एक्सप्रेसला मालगाडीचं वॅग-९ का होतं, आणि ‘६,३५० हॉर्सपॉवरचं वॅप-७ (प्रवासी गाड्यांचं विजेचं इंजिन) पुढे असताना कर्जतला मागे बँकर (घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन) लावून वेळ का घालवतात’. पहिल्या दोन झटकन उरकतो. लिहायला बसलोय तो तिसरीमुळे.

मेल-एक्सप्रेसचं इंजिन लिंकवर चालतं. कोणत्या शेडचं (इंजिनं ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या जागेचं), कोणत्या वर्गाचं इंजिन कोणती गाडी नेईल, तिकडून कोणती घेऊन परतेल आणि तपासणीला वेळेत शेडला कसं लागेल, हे वेळापत्रकाबरोबरच बांधलेलं असतं. मालगाडीचं तसं नसतं. तिथे डिव्हिजनच्या कंट्रोलमध्ये बसलेला टीएलसी, म्हणजे ट्रॅक्शन लोको कंट्रोलर, दिवसरात्र हिशेब जुळवत असतो: लोड किती टन, वाटेत चढ किती, कोणत्या इंजिनाचं शेड्यूल, म्हणजे ठरलेली तपासणी, जवळ आलंय, हाताशी असलेल्या क्रूला ते इंजिन चालवता येतं का आणि तो रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे का. या शेवटच्या अटीपायी इंजिन तयार असूनही गाडी उभी राहते.

एक्सप्रेसचं इंजिन वाटेत फेल झालं की टीएलसी जवळच्या मालगाडीचं इंजिन काढून देतो. तुमच्याकडे बहुधा तेच झालं. यात दोन ठिकाणी मार बसतो. वॅग-९ ताशी १०० वर अडतं, त्यामुळे १३० ने धावणारी गाडी मागे पडत जाते. शिवाय वॅप-७ मधून डब्यांतल्या दिव्यांना आणि एसीला वीज जाते. ती सोय नसलेलं इंजिन आलं की जनरेटर डबा चालू करावा लागतो.

आता बँकर. हॉर्सपॉवर मोजून इंजिनाची लायकी ठरवणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा सविस्तर.

वॅप-७ आणि वॅग-९ ही सख्खी भावंडं. मोटरी त्याच, सहा. दोघांचीही ताकद सहा हजारांच्या घरात. फरक गिअरच्या दातांत आहे. वॅप-७ ला ७२:२०, वॅग-९ ला ७७:१५. तेवढ्याने वॅप-७ सुटताना ३२२ किलोन्यूटन ओढतं आणि वॅग-९ ४६० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३३ टन आणि ४७ टन वजनाएवढा जोर. वजन वाढवलेलं वॅग-९एच ५०० पर्यंत जातं. त्याची किंमत वेगात मोजायची: एक १४० चं, दुसरं १०० चं. कोळशाने भरलेली पाच हजार टनांची गाडी १ ला १५० च्या चढावर (१५० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) उभी असेल तर नुसता चढच ३३ टन खातो. वॅप-७ तिथे जागचं हलणार नाही. हॉर्सपॉवर तेवढीच असून.

घाटात तर सगळंच उघडं पडतं. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, आणि घाटात चढ १ ला ३७. बाराशे टनांची एक्सप्रेस धरा. बाराशे भागिले सदतीस, साडेबत्तीस टन. इंजिनाचे स्वतःचे १२३ टनही चढवायचेत, त्याचे सव्वातीन. वळणं आणि चाकांचा विरोध मिळून आणखी पाच-सहा. झाले चाळीसच्या वर. वॅप-७ कडे आहेत ३३.

मग एक वॅग-७ (मालगाडीचं जुनं इंजिन, वजन तेवढंच) मागे लावून भागेल? ते ४२ टन लावतं. कागदावर भागतं. पण हे गणित कोरड्या रुळाचं. जुलैत ओल्या, पाला पडलेल्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या पाचव्या भागावर येते असं धरा. दोन इंजिनांचे २४६ टन, त्याचा पाचवा भाग ४९. आता लागणारा जोर मोजा: एकूण १,४४६ टन, चढाचे ३९, वर विरोधाचे सहा-सात. ४६ लागतात, ४९ आहेत. काठावर पास. मध्येच सिग्नलला थांबून पुन्हा सुटायचं झालं आणि एका इंजिनाची एक मोटर बंद असली, तर नापास. दोन बँकर लावले की पकड ७४ टनांची आणि गरज पन्नासच्या आत. म्हणून दोन, लोड वाढला की तीन.

ही इंजिनं पुढेच का जोडत नाहीत? सगळी ओढ पहिल्या कपलरवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर येते, आणि तो तुटला आणि ब्रेकनेही दगा दिला तर मागचे डबे कर्जतच्या दिशेने निघतात. बँकर मागे असला की तुटलं तरी डबे त्याच्यावर टेकून राहतात.

मागून लावण्यातही गोम आहे. बँकर शेवटच्या डब्याला लागल्यावर ब्रेक पाइपचे होज (हवेच्या नळ्या) जोडून ५ किलोचा दाब पुढच्या इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत पोचतोय का ते बघावंच लागतं, कारण ब्रेक पुढच्या लोको पायलटच्या हातात असतो. बँकरने आधी जोर लावला तर डबे चेपतात. त्यातच पुढचं इंजिन घसरून फिरायला लागलं तर सगळा भार मागून येतो, आणि वळणावरचा हलका डबा रुळाबाहेर ढकलला जाऊ शकतो. म्हणून पुढचा घसरला की मागच्याने नॉच (जोराची पायरी) कमी करायचा, वाढवायचा नाही. वाळू सोडायची ती चाक फिरायला लागायच्या आधी. नंतर सोडून रूळच खरवडला जातो.

वेळ जातो हे मान्य. कसारा-इगतपुरी घाटातला असाच वेळ वाचवायला २०१९ ला सुरू झालेल्या मुंबई-निजामुद्दीन राजधानीला दोन्ही टोकांना वॅप-७ दिली. गाडी छान धावते. पण चौदा किलोमीटरच्या घाटासाठी दुसरं इंजिन दिल्लीपर्यंत न्यायचं ही चैन राजधानीलाच परवडते. प्रत्येक गाडीला दोन वॅप-७ द्या म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या लिंकमधून काढायची तेही सांगावं.

वरचे ओढीचे आकडे सुटतानाचे आहेत. वेग धरला की ओढ कमी होते. ७१ किलोमीटरच्या वेगाला वॅप-७ कडे २२८ किलोन्यूटनच उरतात.

आणि आता कोणीतरी खाली ‘मग बिहारच्या मधेपुरा कारखान्यातलं १२,००० हॉर्सपॉवरचं वॅग-१२ लावा’ असं लिहिणार, म्हणून आत्ताच: त्याचं वजन १८० टन. ओल्या रुळावर पाचवा भाग ३६ टन. त्यातले पाच स्वतःला चढवण्यात गेले. उरले ३१, आणि बाराशे टनांच्या गाडीला नुसत्या चढाचेच साडेबत्तीस लागतात.