उभा पंख तुटला, पण कान कच्चे होते का?

प्रश्न : १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एअरबस ए-३००-६०० विमानाचा शेपटीवरचा उभा पंख हवेतच निखळला. तो कार्बन-फायबरचा होता. धातूचा असता तर टिकला असता का?

उत्तर : तसं मानायला आधार नाही. हा पंख सहा मुख्य जोडांवर उभा असतो : पुढे, मध्ये आणि मागे दोन-दोन. पंखाच्या तळाशी कार्बन-फायबरचे जाड कान असतात. ते धडावरच्या धातूच्या पकडींत बसवून आरपार बोल्ट घातलेला असतो. वारा एका बाजूने रेटू लागला की त्या बाजूचे कान ओढले जातात, पलीकडचे दाबले जातात. इथे आधी उजवा मागचा कान फाटला आणि मग बाकीचे जोड सुटत गेले.

नियम असा, की सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार रचनेने किमान ३ सेकंद न तुटता पेलावा. त्या दिवशी भार जवळजवळ दुप्पट झाला होता. म्हणजे कानांनी हिशेबापेक्षा जास्तच सोसलं. धातूचा पंखही याच दीडपटीच्या हिशेबाने बांधला असता.

प्रश्न : मग सहवैमानिकाने पेडलवर दिलेल्या नुसत्या पायाच्या दाबाने एवढा भार आला कुठून?

उत्तर : रडर म्हणजे उभ्या पंखाचा मागचा, पेडलने वळणारा भाग. तो एकीकडे वळवला की विमान तिरकं होतं आणि झोकात थोडं जास्तच तिरकं जातं. नेमक्या त्या क्षणी उलटा पाय दिला, तर तिरकेपणाचा भार आणि रडरचा भार पंखावर एकाच दिशेने पडतात. तेव्हाच्या नियमांत पेडल एकदा पूर्ण दाबून मध्यावर आणण्यापर्यंतचाच विचार होता. सहवैमानिकाने मात्र पाय आलटूनपालटून, तेही पूर्ण दिले.

यात पेडलच्या रचनेचाही वाटा होता, आणि तो सहसा विसरला जातो. २५० नॉट (ताशी सुमारे ४६० किलोमीटर) वेगाला पेडल हलायलाच सुमारे १० किलोचा जोर लागे, आणि साडेचौदा किलोला ते टोकाला पोचे. मधली हालचाल जेमतेम ३ सेंटिमीटर. इतक्यात पाय मोजून देणं अवघडच. त्यात ठरावीक वेगाखाली कसाही पाय दिला तरी चालतं, हा वैमानिकांमधला सार्वत्रिक गैरसमज. त्या वेगाखाली रचना टिकण्याची हमी एका दिशेच्या एकाच हालचालीपुरती होती. रचना करताना उलटा पायही हिशेबात धरण्याची अट अमेरिकेने २०२२ मध्ये घातली.

प्रश्न : असा झटका बसल्यावर कान कसे तपासतात?

उत्तर : नुसत्या नजरेवर भागत नाही. कार्बन-फायबरचे थर आतून सुटले तरी वरून काहीच दिसत नाही, म्हणून अल्ट्रासोनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी केलेली) तपासणी लागते.