एक सेकंदाचा वेग आणि फिल्म गुंडाळण्याची घाई

प्रश्न : वडिलांचा जुना झोर्की-४ कॅमेरा मी वापरतो. एक सेकंदाच्या वेगावर (म्हणजे शटर एक सेकंद उघडे ठेवून) फोटो काढून लगेच फिल्म पुढे घेतल्यास बिघाड होतो का?

उत्तर : होऊ शकतो. या कॅमेऱ्यात फिल्म सरकवणारी आणि शटरचे कापडी पडदे ताणणारी गुंडी एकच असल्यामुळे, दुसरा पडदा बंद होण्याआधी ती फिरवल्यास चित्र फरपटण्याची आणि मंद वेग सांभाळणाऱ्या दातेरी चाकांवर ताण येण्याची भीती असते. म्हणून खटका दाबल्यावर बोट तसेच ठेवावे, आतली बारीक करकर ऐकावी आणि शेवटचा ‘टक्’ आवाज होऊन वेगाची तबकडी फिरायची थांबली की मगच बोट उचलून गुंडीला हात लावावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे, वेग नेहमी फिल्म गुंडाळल्यानंतरच बदलावा. शटर ताणलेले नसताना तबकडी फिरवून अनेक चांगले झोर्की कायमचे बिघडले आहेत. करकर मध्येच अडकली, तर बहुधा आतले तेल सुकलेले असते. अशा वेळी गुंडीवर जोर न लावता कॅमेरा जाणत्या कारागिराकडे सफाईसाठी द्यावा.