आजोबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी वाईजवळच्या गावी शेडमध्ये बारा वर्षं उभी आहे, ती परत चालू करून छंद म्हणून चालवता येईल का? खर्च किती येईल, पुण्यात ऑफिसला रोज नेता येईल का, व्हिंटेज नंबर घ्यावा का? कोणी म्हणतं स्क्रॅपच करावी लागेल.

तुमच्या प्रश्नात मुख्य प्रश्न तीन आहेत. एवढी वर्षं उभी असलेली गाडी चालू होईल का, खर्च किती येईल, आणि पुण्यात ऑफिसला रोज नेता येईल का. पहिल्याचं उत्तर होईल, जवळजवळ नक्की होईल, पद्मिनीचं इंजिन सहजासहजी मरत नाही. बाकीच्या दोनांवर खाली सविस्तर लिहितो. मी स्वतः 1982 ची पद्मिनी बाळगून आहे, सातारा रोडवरच्या एका जुन्या मेस्त्रींच्या हाताखाली उभं राहून थोडंफार शिकलोय, तेवढ्या अधिकाराने बोलतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, रंगाने सुरुवात करू नका. लोक काय करतात, गाडी गावावरून आणली की सरळ डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेतात, तिथे सगळी खोलतात, सीट एकीकडे, काचा एकीकडे, सहा महिन्यांनी पैसे संपतात आणि मग ओएलएक्सवर 'रिस्टोरेशन प्रोजेक्ट, अर्जंट सेल'. आधी गाडी थांबली पाहिजे (म्हणजे ब्रेक), मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे. या क्रमाने गेलात तर मधल्या काळातही तुमच्याकडे एक चालती गाडी असते, भले रंग उडालेली असेना, आणि रविवारी सकाळी ती घेऊन बाहेर पडता येतं. या छंदातली निम्मी मजा तीच आहे.

पण त्याच्याही आधी कागद. गाडी आजोबांच्या नावावर आहे आणि ते नाहीत, तर आरटीओत वारसाच्या नावाने ट्रान्सफर लागेल, त्याला फॉर्म 31 असतो (विक्रीच्या ट्रान्सफरचा फॉर्म वेगळा, एजंट कधीकधी तोच भरायला लावतात), सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. काका, आत्या सगळ्यांच्या सह्या आत्ताच घ्या, गाडी चकाचक झाल्यावर प्रत्येकाला ती आपलीच वाटायला लागते. दुसरं म्हणजे रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं, नंतर दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून पुढे न्यायचं. 2022 पासून जुन्या कारला ही फी 5,000 रुपये झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारला 10,000 केली, वर आपल्याकडचा पर्यावरण कर, आणि उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने लागतो, तेव्हा तो आकडा आधी काढून घ्या म्हणजे नंतर छातीत धडधड नको. तुमचा जुना तीन अक्षरी नंबर ऑनलाइन सिस्टीममध्ये दिसत नसेल तर घाबरू नका, त्याची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भरणी, करून देतात, फक्त मूळ आरसी पुस्तक हवं. ते हरवलं असेल तर गावची ट्रंक, देवघर, एलआयसीची जुनी फाईल सगळं पालथं घाला. गाडी स्क्रॅप करावी लागेल असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय म्हणता, तो 15 वर्षांचा पेट्रोल गाड्यांचा वाद दिल्लीचा आहे, इथे तपासणीत पास झाली आणि पैसे भरले की गाडी चालते.

तुम्ही व्हिंटेज नंबर घेण्याबद्दल विचारलंय. 2021 मध्ये केंद्राने नियम आणला, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली गाडी 'व्हीए' सीरिजमध्ये नोंदवता येते, फी 20,000 आणि मुदत 10 वर्षं. तुमची गाडी 2028 मध्ये त्यात बसेल. पण माझं मत विचाराल तर घेऊ नका. ती नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते, नेहमीच्या वापराला नाही. ज्यांच्याकडे 1930 च्या राजेरजवाड्यांच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी ते ठीक आहे. पद्मिनी घेऊन सासवडला मिसळ खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

आता गाडी. गावी जाताना एक लोहचुंबक आणि एक मऊ फडकं घेऊन जा. चुंबक फडक्यात गुंडाळायचा आणि पत्र्यावरून हळूहळू फिरवायचा, दरवाज्यांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरच्या कमानी, हेडलाइटच्या आजूबाजूला. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग आतली मॅटिंग उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली टोच्याने दाबून बघा, बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीतसुद्धा तिथून जमीन दिसू शकते. डिकीत स्टेपनी काढून तिच्याखाली बघा, आणि मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला लागतात ते तर नक्की बघा, कारण या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच चासी आहे, ते सडलं असेल तर मग खर्च खरंच विचार करण्यासारखा होतो. पाचगणी-महाबळेश्वरचा पाऊस वाईपर्यंत पुरेसा येतो म्हणून एवढं सांगतोय, शेड पत्र्याची आणि जमीन मातीची असेल तर खालून ओल लागलेली असणार.

बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह होईल, गावात कोणीतरी उत्साही पोरगा 'दादा ढकलू का' पण म्हणेल. नको. बारा वर्षांत उंदरांनी वायरिंगचं काय केलंय माहीत नाही, बॅटरी जोडली की धूर. आधी चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघायचं, जोर न लावता. फिरलं तर निम्मी लढाई जिंकली. नाही फिरलं तर अजून ऑइल, अजून एक-दोन दिवस. मग जुनं ऑइल काढून नवं भरा (20डब्ल्यू-50 चं साधं मिनरल ऑइल, आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक नको), डिकीतली पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, आत गंजाचा चिखल आणि वार्निशसारखा चिकट थर असतो, त्याचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. कार्ब्युरेटर खोलून जेट (पेट्रोल जायची बारीक भोकं) साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, हवा मारा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉईंट पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने साधारण 0.4 ते 0.5 मिमी गॅप ठेवा. आमचे मेस्त्री गेज वापरतच नाहीत, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून बघतात आणि बरोबर येतं, पण त्यांचं बघून आपण करू नये.

ब्रेकवर मात्र कंजूषी अजिबात नाही. चारही चाकांना ड्रम, आणि बारा वर्षांत ब्रेक ऑइलने पाणी पिऊन व्हील सिलिंडरचे (चाकातला ब्रेक ढकलणारे) पिस्टन आतल्या आत गंजलेले असणार. नुसतं रबर किट बदलून चालवतात लोक, पण सिलिंडरच्या आत बोट फिरवून खड्डे लागले तर तो सिलिंडर टाकून द्या. मास्टर सिलिंडर आणि रबरी होज पण नवेच घ्या, जुने होज बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून फुगलेले असतात, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. हे सगळं होईपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर पुण्याला आणू नका, टो करा. पुण्याच्या वाटेवरचा बोगदा संपल्यावर पुण्याकडचा जो उतार आहे तो जुन्या ब्रेकची परीक्षा घ्यायची जागा नाही.

पार्ट मिळतील का? इथे तुमचं नशीब चांगलं. ही गाडी कुर्ल्याला बनायची, वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये, मूळ फियाट 1100, आपल्याकडे 1964 पासून 1100 डी म्हणून यायची आणि 1974 पासून पद्मिनी, ती पार शतक संपेपर्यंत तशीच बनत राहिली. आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणजे वर्षानुवर्षं हीच गाडी. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. त्यामुळे इंजिनचे, क्लचचे, ब्रेकचे पार्ट अजून मिळतात, पुण्यात नाना पेठेत जुन्या दुकानदारांना विचारा, मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याचा भंगार बाजार. टॅक्सीवरून उतरवलेला माल घेताना एवढंच लक्षात ठेवा की तो लाखो किलोमीटर पळालेला आहे, गिअरबॉक्स असा घेऊ नये. अवघड असतं ते दिसण्याचं सामान, तुमच्या सालाची टेललाइटची काच, क्रोमच्या पट्ट्या, बोनेटवरचा मोनोग्राम, दाराची हँडलं. म्हणून गाडीवरून जे निघेल ते मोडकं असलं तरी टाकू नका, पिशवीत घालून नाव लिहून ठेवा. इंजिन बोअर करायची (झिजलेले सिलिंडर घासून मोठे करायची) वेळ आलीच तर कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन करून घ्या असं मी सांगेन, तिथे जुन्या इंजिनांवर हात बसलेले लोक आहेत आणि 'हे कुठलं काढलंत' असा चेहरा करत नाहीत.

पेट्रोलचा एक नवा त्रास आहे. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि या गाडीचे रबरी पाईप, पंपाचा डायफ्राम हे त्या काळचे. इथेनॉल ते हळूहळू मऊ करतं, शिवाय पाणी ओढून घेतं, म्हणजे गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत तळाला पाणी. पाईप इथेनॉलला चालणारे टाका, इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचं (त्याला एसी पंप म्हणतात) किट बदला, कार्ब्युरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे काय वाहतंय ते दिसतं, आणि टाकी अर्धी भरून महिनोनमहिने उभी ठेवू नका. शिसं असलेलं पेट्रोल 2000 मध्ये बंद झालं तेव्हा जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीटबद्दल बरीच ओरड झाली होती, हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडलंच तर त्या सीट बघून घ्या, मुद्दाम उघडू नका.

खर्च. पत्रा आणि रंग नीट करणारा लाखाच्या खाली मला तरी भेटला नाही, आणि सडका पत्रा कापून नवा गॅस वेल्डिंगने लावायचा असेल तर आकडा वर जातो. ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलचा मार्ग, क्लच एवढं केलं तर त्याच्या बऱ्याच कमी पैशात गाडी रस्त्यावर येते, म्हणूनच क्रम तो सांगितला. गाडी विकून हे पैसे परत येतील असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. आणि कोणी मारुतीचं इंजिन टाकून एसी बसवून देतो म्हणाला तर त्यालाही नमस्कार, आरटीओची कटकट वेगळी आणि मग ती पद्मिनी राहतच नाही. रिले लावून हेडलाइटचा उजेड वाढवणं, सीटबेल्ट, रेडियल टायर, बॅटरीला कटऑफ स्विच, एवढे बदल मी खुशाल केलेत. जुन्या काळ्या नंबरप्लेटवरचे पांढरे आकडे फार देखणे दिसतात पण एचएसआरपी, म्हणजे नवी हाय-सिक्युरिटी नंबरप्लेट, लावावीच लागते, काळी प्लेट घरात भिंतीवर लावा. खेड शिवापूरच्या टोलसाठी फास्टॅगही काढा, त्या काचेवर तो फार विचित्र दिसतो.

चालवायला कशी? 1089 सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, पुढे अखंड सोफा आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. नवशिक्याला पहिले काही दिवस तिसरा टाकताना पहिला पडतो, त्यात दांड्याचे नायलॉन बुश झिजलेले असले तर गिअर कुठे आहे ते देवालाच माहीत, तेवढे बुश बदलले की सगळं सरळ होतं, स्वस्तातलं काम आहे. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. एप्रिल-मेच्या दुपारी घाटात गाडी गचके देऊन बंद पडली तर पेट्रोल संपलेलं नसतं, पंपात त्याची वाफ झालेली असते, पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सावलीत चहा प्या, पुन्हा चालू. 55-60 ला ही गाडी खुश असते, पुढची तिकोनी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो. इंडिकेटर, हॉर्न, वायपर यातलं एक काहीतरी कायम बंद असतं ते गृहीत धरा, आणि किंगपिनला (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळीला) ग्रीस वेळच्या वेळी मारत जा, नाहीतर स्टिअरिंग इतकं जड होतं की पार्किंगमध्ये घाम फुटतो.

राहिलं ऑफिसला रोज नेण्याचं. जमेल, पण करू नका. सिग्नलला सिग्नल थांबत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटर तापतो, हेड अॅल्युमिनियमचं आहे, एकदा जास्त तापलं की वाकतं आणि मग गॅस्केटपासून सगळं काम निघतं. ड्रम ब्रेकला पुढच्या बाईकवाल्याची अचानक मारलेली कट झेपत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस, सकाळी सातच्या आधी किंवा रात्री नऊनंतर, वीस-पंचवीस किलोमीटर चालवलीत तर बॅटरी, ब्रेक, पेट्रोल सगळं ताजं राहतं. ऑफिसला न्यायचीच असेल तर शनिवारी न्या, त्या दिवशी रस्ते जरा मोकळे असतात. फक्त पार्किंगमध्ये सिक्युरिटीवाले काका तुम्हाला त्यांच्या काळच्या टॅक्सीच्या गोष्टी सांगणार, तेवढा वेळ हाताशी ठेवा.