खोकी भरणारा टीम लीड

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअर आहे. पुण्यात बाणेरला ११ जणांच्या स्टार्टअपमध्ये दीड वर्ष झालं, आता टीम लीड आहे. परवा न सांगता ऑफिसात गेलो, तर हा फरशीवर बसून खोक्यांना टेप लावत होता आणि हाताखालची मुलं खुर्चीत. म्हणतो, "आई, याला सर्व्हंट लीडरशिप म्हणतात." हे नेतृत्व की हमाली? मोठ्या आयटी कंपनीत जा म्हणू का?
– एक आई, सांगली

उत्तर :
ताई, नमस्कार.

लेकाला फरशीवर बसलेलं बघून तुमच्या पोटात तुटलं असेल. पण लगेच 'सोड' म्हणू नका.

सर्व्हंट लीडरशिप, म्हणजे आधी आपल्या माणसांची सेवा करणारं नेतृत्व, ही कल्पना त्याच्या मनची नाही. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी ती १९७० साली मांडली. त्यांची कसोटी मला आजही पटते : ज्यांची सेवा केली ती माणसं वाढतात का, जास्त शहाणी आणि स्वतंत्र होतात का? म्हणजे बघायचं ते खोक्यांकडे नाही, खुर्चीतल्या मुलांकडे. संध्याकाळच्या आत कोड पूर्ण करायचाय म्हणून त्यांना उठवलं नाही आणि खोकी याने घेतली, तर तो बरोबर करतोय. पण रात्री दोनपर्यंत जागून त्यांच्या चुका हाच निस्तरत असेल, तर ते राबणं झालं. त्यात मुलंही शिकत नाहीत.

छोट्या कंपनीत शिपाई, स्टोअर, ॲडमिन असं वेगळं कुणी नसतं. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळूरला सुरू झालं, तेव्हा सचिन आणि बिन्नी बन्सल पुस्तकांची पार्सलं स्वतः पोचवत. गिऱ्हाईक कुठे अडतं हे असं दारात उभं राहिल्यावर कळतं.

म्हणून मुलाला हेही विचारा, की मालक कधी टेप हातात घेतात का? सेवा वरून खाली आली पाहिजे. समुपदेशनात येण्याआधी मी नऊ जणांच्या एका कंपनीत होते. एकदा आमचे पगार तीन आठवडे लांबले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं मालक सांगत होते. त्यांचा स्वतःचा पगार मात्र एक तारखेलाच निघाला होता. हिशेब मीच लिहीत होते, म्हणून मला दिसलं. त्या महिन्यात मी राजीनामा दिला आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. पैशाची ओढाताण असते तेव्हा आधी कुणाचा पगार थांबतो, यावरून कंपनी ओळखावी.

शेअर देऊ असं तोंडी सांगितलं असेल, तर ईसॉपचं, म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क देणाऱ्या योजनेचं, पत्र मागायला लावा. आपल्या कायद्यात ईसॉप दिल्यापासून तो हक्काचा व्हायला किमान एक वर्ष जावं लागतं, आणि ते वर्ष पत्रावरच्या तारखेपासून मोजतात. तोंडी शब्दाला तारीख नसते. सेवाभावाने काम करणारी मुलं हे मागायला लाजतात, हे मी फार बघितलंय.

मोठ्या कंपनीचा विचार दिवाळीनंतर करा. दिवाळीला त्याला आठ दिवस घरी बोलवा, लॅपटॉप पुण्यात ठेवून. फोन दिवसातून एखाद्या वेळी वाजला, तर त्याने माणसं तयार केली आहेत. राहू द्या त्याला तिथेच. फराळाच्या ताटावरून दर दहा मिनिटांनी उठावं लागलं, तर मला पुन्हा लिहा, आणि या वेळी पत्र त्याला स्वतःला लिहू दे.